गरोदर बाईच्या पोटाला मुका मार लागला तर काय करायचं, आणि डावा खांदा दुखत असेल तर घरी का थांबायचं नाही

ती चालत आली होती. सातवा महिना, डोहाळजेवण होऊन आठवडा झालेला, हातात अजून हिरव्या बांगड्या, भाऊ माहेरी न्यायला आलेला म्हणून त्याच्या मोटरसायकलवर मागे एका अंगाला पाय सोडून बसलेली. साखर कारखान्याच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आहे, त्यावर पांढरे पट्टे नाहीत, तिथं गाडी उडाली आणि ही डाव्या कुशीवर कडेच्या खडीवर पडली. उठली, साडी झटकली, टपरीवर बसून पाणी प्यायली, बाळ हलतंय म्हणून पुढे निघालीच होती, पण टपरीवाल्या मावशींनी भावाला दमात घेतलं की आधी दवाखान्यात ने तिला, म्हणून आमच्याकडे आली. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला स्टाफ नर्स होते.

बीपी १०४/६६. गरोदरपणात असतंच एवढं. नाडी ११८. घाबरली असेल. बाळाचे ठोके १६८, तेही जरा जास्त, पण मी म्हटलं आई घाबरलीये तर बाळही धावतंय. अंगावरून काही जात नव्हतं, पोट मऊ होतं. ती एवढंच म्हणाली, "सिस्टर, पोट नाही हो एवढं दुखत, हा खांदाच दुखतोय," आणि डाव्या खांद्याच्या टोकावर बोट ठेवलं. तिथं साधं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. पडताना मुरगळला असेल असं मी धरून चालले, आणि ही माझी चूक होती, ती मी आजही नवीन मुलींना शिकवताना सांगते. आमच्या डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी तिला आडवं केलं, तर खांदा आणखी ठणकायला लागला, तशी त्यांनी लगेच सोनोग्राफीचं मशीन ओढलं. बाळ छान होतं, गर्भपिशवी छान होती, आणि आईच्या पोटात रक्त साचलेलं होतं. पाणथरी फाटलेली.

पुढे तिचं काय झालं ते सांगतेच, पण आधी हे सगळं कशामुळे होतं ते कळलं पाहिजे, म्हणजे वेळ आली तर तुम्ही टपरीवाल्या मावशींसारखं दमात घेऊ शकाल.

पाणथरी म्हणजे प्लीहा, डॉक्टर स्प्लीन म्हणतात. पोटाच्या वरच्या डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, साधारण आपल्या मुठीएवढी, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. रक्त गाळणं, जुन्या पेशी काढून टाकणं, जंतूंशी लढणं ही तिची कामं, त्यामुळे आतून ती रक्ताने भिजलेल्या स्पंजसारखी असते आणि वरचं आवरण पातळ. मुक्या मारात पोटातले जे अवयव सगळ्यात जास्त फाटतात त्यात लिव्हर आणि ही, या दोघी पुढे. गरोदरपणात तिच्याकडे रक्त जास्त येतं, ती थोडी मोठीही होते. त्यात ज्या बाईची मलेरिया होऊन गेल्याने किंवा सिकलसेलमुळे पाणथरी वाढलेली आहे (गडचिरोली, नंदुरबार, विदर्भातल्या बायांनी हे वाचाच) तिची पाणथरी बरगडीच्या खाली उतरलेली असते, म्हणजे बरगड्यांचं कवच राहत नाही आणि म्हशीने शिंग फिरवलं, मोठ्या मुलाने खेळताना डोकं मारलं इतक्यानेही ती फाटू शकते. तुम्हाला कुणी तपासताना "पाणथरी लागतेय हाताला" असं म्हटलं असेल तर ते फाईलवर लिहून घ्या, विसरू नका.

आता मुख्य गोष्ट. गरोदर बाईच्या अंगात रक्ताचं प्रमाण चाळीस ते पन्नास टक्के वाढलेलं असतं. निसर्गाने ती सोय बाळंतपणात रक्त जातं म्हणून केलेली आहे, पण अपघातात तीच सोय आपल्याला फसवते, कारण दीड-दोन लिटर रक्त आतल्या आत गेलं तरी बीपी बऱ्यापैकी दिसू शकतं आणि बाई बोलते, चालते, घरी जायचंय म्हणते. मग शरीर हे रक्त वाचवतं कुठून? गर्भपिशवीकडे जाणारा पुरवठा कमी करून. म्हणजे आई वरून ठीक दिसते तेव्हा बाळ आधीच अडचणीत आलेलं असू शकतं, आणि बाळाचे ठोके बिघडणं ही आईच्या रक्तस्रावाची पहिली खूण असू शकते. ते १६८ ठोके मला हेच सांगत होते. (नॉर्मल ११० ते १६०.)

आणि खांदा? पाणथरीतून रक्त वर पसरतं, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं, त्या पडद्याची नस आणि खांद्याची नस मानेतून एकाच ठिकाणाहून येते, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. आडवं झालं की रक्त वर सरकतं आणि दुखणं वाढतं. पोटावर पडलेल्या गरोदर बाईचा डावा खांदा काही लागलेलं नसताना दुखत असेल तर तो पोटाचा पेशंट समजा.

पडल्या पडल्या, पहिली काही मिनिटं

तिला ओढून उठवू नका. आधी विचारा मान दुखतेय का, पाठ दुखतेय का, हातापायाला मुंग्या आहेत का. यातलं काही असेल तर मान हलवायची नाही, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच ठेवायचं (ट्रॅफिकमध्ये असाल तर दोन माणसं पुढेमागे उभी करा, तिला हलवण्यापेक्षा ते बरं). कुठून जोरात रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

पाच महिन्यांच्या पुढची असेल तर उताणी ठेवू नका. वाढलेली गर्भपिशवी पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडते आणि हृदयाकडे परत जाणारं रक्त अडतं, आधीच रक्त जात असलेल्या बाईला हे परवडत नाही. डाव्या कुशीवर वळवा असं सगळीकडे सांगतात ते बरोबर आहे, पण मार डाव्या बरगडीलाच असेल तर तिला त्या कुशीवर झोपताच येत नाही, मग पूर्ण वळवायची गरज नाही, उजव्या कमरेखाली घडी केलेली चादर, शाल, जॅकेट, दप्तर काहीही चार-सहा इंच उंचीचं सरकवा म्हणजे पोट आपोआप डावीकडे कलतं. मानेची शंका असेल आणि कलवताच येत नसेल तर एका माणसाने शेजारी बसून दोन्ही हातांनी पोट हळूच डावीकडे ढकलून धरायचं. दाबायचं नाही, फक्त बाजूला धरायचं. हे मी गावातल्या आशाताईंना दाखवते तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं एवढं सोपं आहे म्हणून.

तोंडाने काहीच देऊ नका. चहा नाही, साखरपाणी नाही, हळदीचं दूध तर नाहीच. ऑपरेशन लागलं तर भरलेलं पोट भुलीच्या वेळी धोक्याचं असतं, त्यात गरोदर बाईचं अन्न तसंही सावकाश पचतं. फार तहान तहान करत असेल तर ओठ ओले करा, आणि ही तहान डॉक्टरांना सांगा कारण रक्त जाताना तहान लागते. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. पोट चोळणं, तेल लावणं, शेक देणं, "बाळ सरकलंय ते बसवून देते" म्हणणाऱ्या सुईणीकडे नेणं यातलं काहीही नको, कळकळीने सांगते. पाणथरीवर कधी कधी रक्ताची गाठ बसून रक्त थांबलेलं असतं, चोळल्याने ती सुटते. वार (गर्भपिशवीला चिकटलेली, बाळाला रक्त पुरवणारी) सुटत असेल तर तीही चोळण्याने आणखी सुटते.

फोन कुठे करायचा, काय बोलायचं

गरोदर बाई म्हटलं की लोकांच्या तोंडी १०२ येतं. ती गाडी बाळंतपणाला न्या-आणायला आहे. मार लागलाय, अपघात आहे तर १०८ लावा, महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो आणि ती फुकट आहे. फोनवर घाबरून "लवकर या" एवढंच चार वेळा बोललं जातं, त्यापेक्षा असं सांगा: "सात महिन्यांची गरोदर आहे, गाडीवरून डाव्या बाजूवर पडली आहे, शुद्धीवर आहे, अंगावरून जात नाहीये, घाम आलाय, अमुक गावाच्या फाट्याजवळ आहोत." किती महिने, कुठे मार, शुद्ध आहे का, अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय का, जागा. बस.

कुठे न्यायचं हा खरा वादाचा विषय होतो, सासर एक म्हणतं माहेर दुसरं, आणि बहुतेक वेळा जिथे नाव घातलंय त्या छोट्या मॅटर्निटी होममध्ये नेतात. ते डॉक्टर चांगलेच असतील, पण तिथे सर्जन, रक्त आणि आयसीयू या तीन गोष्टी नसतील तर दोन तास वाया जातात. सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोन्ही आहेत, रक्त मिळतं अशा ठिकाणी जा, म्हणजे जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज किंवा तशी सोय असलेलं मोठं प्रायव्हेट. जवळचं छोटं सरकारी रुग्णालय फक्त दहा मिनिटांवर आणि मोठं दीड तासावर असेल तर आधी जवळच्या ठिकाणी सलाईन, रक्तगट, तपासणी होऊ द्या आणि तिथूनच पुढे हलवा, पण पुढच्या दवाखान्याला आधी फोन गेला पाहिजे, हे नातेवाईकांनी विचारून घ्यावं, "सर, तिकडे सांगितलंय ना?"

पैशाचं आणि पोलिसांचं भय असतं म्हणून हेही सांगते. अपघाताची केस म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) होते, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की कुठल्याही डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. रस्त्यावरच्या अनोळखी बाईला तुम्ही दवाखान्यात नेलंत तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आलंय, त्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. रस्ता अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाची, ती लागू असलेल्या हॉस्पिटलमध्ये विचारा. आणि सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात रक्त, औषधं, सिझर सगळं मोफत आहे, तिथं कुणी बाहेरून आणा म्हटलं तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.

दवाखान्यात गेल्यावर

सगळे नातेवाईक एकच विचारतात, बाळ कसंय. मी समजू शकते. पण डॉक्टर आधी आईचा श्वास, नाडी, बीपी बघत असतील तर त्यांना बाळाकडे ओढू नका, बाळाला वाचवायचा रस्ता आईतूनच जातो. आईला ऑक्सिजन लावतील, दोन्ही हातांना जाड सुया, रक्ताचे नमुने. इथे तुमचं काम म्हणजे फाईल आणि आधारकार्ड देणं (गरोदर बाईची सोनोग्राफी करताना गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्यातला एफ फॉर्म भरावा लागतो, कार्ड हाताशी असलं की खोळंबा नको), आणि न विसरता रक्तगट सांगणं.

मग सोनोग्राफी दोनदा असते असं समजा. एक पोटात मोकळं रक्त आहे का हे बघायची, ती दोन-तीन मिनिटांत होते आणि तीच जीव वाचवते. दुसरी बाळाची. पुष्कळदा नातेवाईक बाळाची सोनोग्राफी नॉर्मल आली की घरी जाऊ म्हणतात, तेव्हा सरळ विचारा, "आईच्या पोटात रक्त नाही ना, पाणथरी आणि लिव्हर बघितलं का?" कुणी रागावणार नाही. आणि पहिली सोनोग्राफी साफ आली तरी काही तासांनी पुन्हा करायची असते कारण थेंब थेंब गळत असेल तर सुरुवातीला दिसत नाही.

सीटी स्कॅनचं नाव काढलं की घरात रडारड सुरू होते, बाळाला रेडिएशन लागेल म्हणून. ऐका. पोटाच्या एका सीटीमध्ये बाळाला जातो तो डोस साधारण पंचवीस मिलिग्रेच्या (हे रेडिएशन मोजायचं माप) घरात किंवा त्याहून कमी, आणि बाळात व्यंग होण्याची भीती धरतात ती पन्नासच्या पुढे. न दिसलेल्या फाटलेल्या पाणथरीचा धोका याच्या कितीतरी पट आहे. डॉक्टर गरज आहे म्हणत असतील तर सही करा आणि स्कॅन होऊ द्या. एमआरआयसाठी थांबण्याइतका वेळ अशा पेशंटकडे बहुतेक नसतो.

तेवीस-चोवीस आठवड्यांपुढचं बाळ असेल तर पोटाला पट्टे बांधून ठोके आणि कळा यांचा ग्राफ काढतात, सीटीजी. तो कमीत कमी चार तास चालला पाहिजे. मार किरकोळ दिसत असला तरी चार तास. कारण वार सुटणं हे अशा मारात बाळ दगावण्याचं मोठं कारण आहे: गर्भपिशवी रबरासारखी ताणते, वार ताणत नाही, झटक्याने दोघींची जोडणी सुटते, आणि रक्त बाहेर न येता मागे साचू शकतं. किरकोळ मारातसुद्धा शंभरात एक ते पाच जणींना हे होतं. त्या चार तासांत कळा येत राहिल्या, अंगावरून गेलं, पोट कडक झालं किंवा ग्राफ बिघडला तर चोवीस तास ठेवून घेतात. जेवणाच्या डब्याची सोय करा, घाई करू नका. बाळ लवकर काढावं लागेल असं वाटलं आणि चौतीस आठवडे झालेले नसतील तर फुप्फुसं पक्की व्हायची इंजेक्शनं आईला देतात, ती घेऊ द्या.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे अधोरेखित करा: पोटाला मार लागल्यावर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं, म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत. मार छोटा होता, सगळं नॉर्मल आलं, तरीही. ओपीडीतून घरी पाठवताना हेच राहून जातं, मी दोनदा बघितलंय, म्हणून स्वतःच विचारा. जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शनही चालतं, त्याने बाळाला काही होत नाही.

पाणथरी फाटलीच आहे असं निघालं तर

फाटणं एक ते पाच अशा ग्रेडमध्ये मोजतात, एक म्हणजे ओरखडा किंवा छोटी गाठ, पाच म्हणजे पार चुरा. पण ऑपरेशन करायचं का नाही हे ग्रेडपेक्षा बाईची अवस्था ठरवते. नाडी-बीपी टिकून असेल, रक्त फार लागत नसेल, तर आयसीयूत ठेवून दर काही तासांनी हिमोग्लोबिन बघत थांबतात आणि पुष्कळ जणींची पाणथरी आपली आपण भरून येते. यात नातेवाईकांना वाटतं डॉक्टर काहीच करत नाहीत, नुसतं रक्त काढतात. तेच करणं असतं ते. हिमोग्लोबिन तासागणिक उतरतंय का, नाडी चढतेय का, हे बघणंच उपचार. गरोदरपणात साडेदहा-अकरा हिमोग्लोबिन असू शकतं, त्यामुळे आधीचा रिपोर्ट फाईलमध्ये असेल तर फरक लगेच कळतो, नसेल तर डॉक्टर अंधारात. तेवढ्या वेळात घरातल्या दोघातिघांनी ब्लड बँकेत जाऊन रक्त द्यावं.

बीपी ढासळत असेल तर पोट उघडावं लागतं, उभा छेद, आणि बहुतेक वेळा पाणथरी काढून टाकतात कारण शिवत बसायला वेळ नसतो. पाणथरी काढली म्हणजे बाळही काढतात असं नाही! आमच्या त्या बाईची पाणथरी जिल्ह्याला त्याच संध्याकाळी काढली, बाळ पोटातच ठेवलं. चार-पाच दिवसांनी मी बघायला गेले तर खाटेवर उजव्या बाजूला उशी लावून बसली होती, बांगड्या ऑपरेशनआधी काढलेल्या त्या सासूबाईंनी रुमालात गाठ मारून ठेवलेल्या, आणि पोटाला पट्ट्याचं बँडेज असताना मधूनच बाळाने पाय मारला की ते बँडेज हलायचं, ते मला दाखवत होती. अडतिसाव्या आठवड्यात नॉर्मल डिलिव्हरी झाली तिची, त्याच टाक्यांसकट. बाळाच्या जिवाला धोका दिसला किंवा मोठ्या गर्भपिशवीमुळे रक्तस्रावापर्यंत हातच पोचत नसेल तरच त्याच वेळी सिझर करतात.

एक वेगळा प्रकार पण सांगून ठेवते, क्वचित होतो. काही मार न लागताच गरोदरपणात, जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत, पाणथरीच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटतो. अचानक वरच्या पोटात डावीकडे भयंकर दुखून बाई कोसळते, कधी मध्येच थोडा वेळ बरं वाटतं आणि मग दुसऱ्यांदा कोसळते. ॲसिडिटी म्हणून अँटासिड देत घरी ठेवू नका.

घरी पाठवल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं

दोन आठवडे. पाणथरीचं एक वैशिष्ट्य असं की आवरणाच्या आत रक्त साचत राहतं आणि दोन दिवसांनी, आठवड्याने, कधी त्याहून उशिरा ते आवरण फुटतं. म्हणून "परवा पडले होते पण तेव्हा काही झालं नाही" हे वाक्य डॉक्टरांपासून लपवू नका. घरात एकीने जबाबदारी घ्यावी, सासू, जाऊ, आई कुणीही, आणि सकाळ-संध्याकाळ विचारावं. उठताना भोवळ, दरदरून घाम, हातपाय गार, ओठ-नखं पांढुरकी, डावीकडे बरगडीखाली दुखणं, तो खांदा, पोट दगडासारखं होणं, राहून राहून कळा, अंगावरून रक्त किंवा पाणी, बाळाची हालचाल कमी वाटणं, शांत बसलेली असताना नाडी ११० च्या वर. यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. आणि बाळ हलतंय म्हणजे सगळं ठीक असं मात्र समजू नका, त्या दिवशी तिचंही बाळ हलत होतं.

पाणथरी न काढता बरी होत असेल तर साधारण दोन-तीन महिने जड उचलणं, हापशावरचं पाणी, मोटरसायकल, झोपलेल्या मोठ्या मुलाला कडेवर घेणं बंद. बाळंतपण कसं करायचं हे प्रसूतीच्या कारणांवर ठरतं, पाणथरीला मार होता म्हणून सिझरच असं काही नाही.

पाणथरी काढली असेल तर इथून पुढे आयुष्यभराची एक गोष्ट बदलते, आणि डिस्चार्जच्या गडबडीत ती नीट सांगितली जात नाही. काही जंतू पाणथरीच मारत असते, ती गेली की ते काही तासांत अंगभर पसरू शकतात. म्हणून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब आणि फ्लूच्या लसी, ऑपरेशननंतर साधारण चौदा दिवसांनी, त्यांत जिवंत जंतू नसल्याने त्या गरोदरपणात चालतात. लांबून येणारी बाई असेल, परत यायची खात्री नसेल तर घरी जायच्या आधीच मागून घ्या. ताप १००.४ च्या वर गेला की पॅरासिटामॉल घेऊन उद्या बघू असं करायचं नाही, लगेच दवाखाना आणि दारातच सांगायचं "माझी पाणथरी काढलेली आहे." घरी एक अँटिबायोटिक ठेवायचं का हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठी घ्या. मच्छरदाणी कायम, कारण मलेरिया या बायांना जोरात होतो. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनसोबत पाणथरी नसल्याचंही सांगायचं. ऑपरेशननंतर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते, गरोदरपणात आणखी जास्त, म्हणून चालवतील, पोटात इंजेक्शनं देतील, कंटाळा करू नका. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा एकदम दम लागला तर परत या.

जे पडून झालेलं नसतं

जिन्यावरून पडले असं सांगणाऱ्या प्रत्येक बाईचं मी दंडाकडे बघते. चार बोटांचे निळे वण जिन्याने उमटत नाहीत. गरोदरपणात पोटावर लाथ, बुक्की हे आमच्याकडे येणाऱ्या मुक्या माराचं कधी कधी खरं कारण असतं आणि सोबत तोच नवरा उभा असतो, उत्तरं तोच देत असतो. मी लघवी तपासायची म्हणून तिला एकटीला आत नेते, दार लावते आणि विचारते. तुम्ही शेजारीण असा, बहीण असा, तर एकटीत विचारा, तिच्यासमोर त्याला जाब विचारू नका, घरी गेल्यावर ते तिलाच महागात पडतं. १८१ महिला हेल्पलाइन आहे, लगेच धोका असेल तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला राहत्या घरातून कुणी काढू शकत नाही, संरक्षण अधिकारी असतात, सखी वन स्टॉप सेंटरमध्ये राहायची सोय होते. ती आज नाही म्हणाली तरी चालेल. पण डॉक्टरला खरं सांगितलं तर लाथ कुठे बसली ते कळतं आणि नेमकी तपासणी होते, एवढ्यासाठी तरी सांग, असं मी म्हणते, आणि पुष्कळ जणी मग सांगतात.

टाळता येण्यासारखं

मोटरसायकलवर पाच महिन्यांनंतर शक्यतो नकोच. रिक्षा, एसटी, कुणाची कार बघा. जावंच लागलं तर एका अंगाला बसू नका, दोन्हीकडे पाय, साडीऐवजी ड्रेस, ओढणी गाठ मारून, हेल्मेट दोघांनाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसावर बसून जाणाऱ्या ऊसतोड बायांना मी हे सांगते तेव्हा माझंच मन खातं कारण त्यांना दुसरी गाडी कोण देणार, पण मुकादमाला निदान सात-आठ महिन्यांच्या बाईला पुढे केबिनमध्ये बसव म्हणून सांगता येतं, सांगितलेलं ऐकलंही आहे.

कारमध्ये सीटबेल्ट पोटाला लागतो म्हणून काढून टाकतात, हे फार चुकीचं. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घट्ट. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा कधीच नाही. स्वतः चालवत असाल तर सीट मागे घेऊन स्टिअरिंग आणि छातीत दहा इंच अंतर. घरात मोरीतली शेवाळलेली फरशी, विहिरीच्या पायऱ्या, आणि गोठ्यात धार काढायचं काम या महिन्यांत दुसऱ्या कुणाकडे द्या, व्यालेली म्हैस तर ओळखीच्या माणसालाही झटकते.

आणि आजच करता येईल असं एक काम: फाईलच्या पहिल्या पानावर, आतल्या नाही, मोठ्या अक्षरात रक्तगट, बाळंतपणाची तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन, घरातल्या दोन माणसांचे नंबर लिहा. पाणथरी वाढलेली असेल किंवा काढलेली असेल तर ते लाल पेनाने. त्याचा फोटो नवऱ्याच्या, भावाच्या आणि आशाताईंच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण अपघाताच्या वेळी फाईल कायम घरी कपाटात असते.